हे पाचवं मशीन कुणाचं?

सकाळची वेळ. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती आणि फोन वाजला. चारठाण्याची मैत्रीण. एरवी तिचा फोन म्हणजे आधी पाऊसपाणी, मग लेकरांच्या परीक्षा आणि सगळ्यात शेवटी काम. त्या दिवशी मात्र तिनं एकदम विषयालाच हात घातला. "ताई, मह्या खात्यावर पाच मशिनी दिसायल्यात. मह्याजवळ तर दोनच हायेत! कोणी घुसलं का हो?"

चारठाणा हे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं गाव. जुनी हेमाडपंती मंदिरं, उंच दगडी स्तंभ आणि पायऱ्यांची बारव यासाठी जाणकार मंडळी तिथं वाट वाकडी करून जातात. आम्ही चौघी जणीही काही वर्षांपूर्वी अशाच गेलो होतो. झेरॉक्स काढायला म्हणून एका दुकानात शिरलो आणि चहा घेऊन बाहेर पडलो, ती ही मैत्रीण. दुकान तीच चालवते. ऑनलाइन फॉर्म, दाखल्यांचे अर्ज, सातबाऱ्याचे उतारे, पोरांचे परीक्षेचे अर्ज. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, पुढं २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा तर म्हणे दुपारचा डबा संध्याकाळी उघडायची.

तिच्याकडे अँटीव्हायरसचं वर्षाचं लायसन्स होतं, पाच मशीनचं. दुकानात एक कॉम्प्युटर, घरी एक, आणि दोनच्या नि पाचच्या किमतीत फार फरक नव्हता म्हणून पाचचं घेतलेलं. कॉलेजला गेलेल्या मुलीसाठी नवा लॅपटॉप आला, त्यात ते टाकायला गेली तर उत्तर आलं, तुमची पाचही ठिकाणं भरलेली आहेत. मग तिनं कंपनीच्या खात्याचं पान उघडून बघितलं. तिथं पाच नावं! आणि नावं तरी कशी, कुणाच्या बारशाला न ठेवलेली. 'डेस्कटॉप' आणि पुढं सात अक्षरं-आकड्यांची खिचडी, अशी तीन. एक 'लॅपटॉप' आणि पुन्हा खिचडी. एक 'यूजर-पीसी'. यातलं एकही तिला ओळखता येईना.

मी तिला म्हटलं, आधी काहीही पुसू नकोस. फोनवर त्या पानाचा फोटो काढ आणि मला पाठव. मैत्रिणींनो, हे मी मुद्दाम सांगतेय. घाबरल्यावर आपला पहिला हात 'काढून टाका' या बटणावर जातो. एकदा नाव पुसलं की ते कोण होतं, केव्हा आलं होतं, हे शोधायचा धागाही जातो.

मग तासभर आम्ही दोघी त्या पाच नावांची पंचनामा-पत्रिका मांडत बसलो. विंडोज नव्यानं टाकलं की ते स्वतःच कॉम्प्युटरला असं एक यंत्रमानवी नाव देऊन टाकतं. आपण ते कधी बदलत नाही, बघतही नाही. त्यामुळं घरातलंच मशीन परक्यासारखं दिसतं. आपल्या मशीनचं नाव बघायचं तर 'सेटिंग्ज', तिथं 'सिस्टिम' आणि सगळ्यात खाली 'अबाउट'. तिनं दुकानातल्याचं नाव वाचून दाखवलं, ते यादीत होतं. घरी जाऊन घरचं बघितलं, तेही होतं. दोन सुटली.

तिसऱ्या 'डेस्कटॉप'पुढं शेवटच्या भेटीची तारीख होती, आणि ती होती सहा महिन्यांपूर्वीची. सहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं? आठवलं! दुकानातल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली होती, नवी टाकून विंडोज पुन्हा भरलं होतं. म्हणजे मशीन तेच, पण कंपनीच्या दफ्तरी जुनं मेलेलं नि नवं जन्मलेलं अशी दोन. हे फार घरांतून होतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्याच्या आगेमागे किती जणांनी विंडोज बदललं असेल, मशीनच बदललं असेल, त्या सगळ्यांच्या यादीत अशी भुतं उभी असणार. ती निरुपद्रवी असतात, नुसती जागा अडवतात.

चौथा तो 'लॅपटॉप'. तो तिचा जुना, दीर मागून घेऊन गेले होते आणि आता पुतण्याबरोबर छत्रपती संभाजीनगरला होस्टेलवर आहे. ती हसली. "त्याला देताना पुसायचं राहिलंच की हो."

राहता राहिलं 'यूजर-पीसी'. शेवटची भेट काल रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी. त्या वेळी हिचं दुकान बंद, घरचा कॉम्प्युटर बंद, पुतण्याचा तर लॅपटॉप वेगळाच. हे पाचवं मशीन कुणाचं?

मी विचारलं, खात्याला ई-मेल कुठला जोडलाय ते वरच्या कोपऱ्यात बघ. बराच वेळ फोनवर काही आवाजच नाही. मग म्हणाली, "ताई, हा ई-मेल माझा नाही. हा तर मशीन दुरुस्त करायला येतो त्या पोराचा आहे."

बसवून देताना त्यानंच खातं उघडलं होतं. ही गिऱ्हाइकात अडकलेली, "वहिनी, मी करून देतो" म्हणाला आणि स्वतःचाच ई-मेल घातला. पासवर्ड तिच्या कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवला, म्हणून पान उघडत होतं, एवढंच. पैसे हिचे, बिल हिच्या नावाचं, आणि मालक तो! रिकाम्या जागेपैकी एक त्यानं दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला देऊन टाकली होती. विचारल्यावर तो पोरगा जराही न अडखळता म्हणाला, "रिकामंच होतं की वहिनी, वाया गेलं असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्याच्या मनात चोरी नव्हती हे मी मान्य करते. शेजारच्या विहिरीवरून दोन घागरी आणाव्यात, इतक्या सहज त्यानं ते केलं. पण विचारलं का? विचारायचं असतं हेच त्याला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ते तितकं खटकत नाही. खटकायला हवं.

कारण एक लायसन्स गेलं, शे-दोनशे रुपयांची गोष्ट, असं हे प्रकरण नव्हतं. मी तिला ब्राउझर उघडून वरचं छोटं गोल चित्र बघायला सांगितलं. तिथंही त्याचाच ई-मेल! म्हणजे दीड वर्ष ही त्याच्या खात्यात बसून काम करत होती. ब्राउझर विचारतो ना, 'पासवर्ड साठवू का?' आणि आपण घाईत 'हो' म्हणतो, ते सगळे पासवर्ड त्या खात्याला जोडलेले. तो घरी बसून ते बघू शकत होता. बघितले असतील असं नाही. पण बघू शकत होता. आणि हिच्या कॉम्प्युटरवर काय असतं? गावातल्या बायकांचे आधारचे फोटो, बँकेच्या पासबुकाची पहिली पानं, कुणाचा घटस्फोटाचा कागद, कुणाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. त्या बायका विश्वासानं हिच्या हातात कागद देतात. हिलाच ठाऊक नव्हतं की आपल्या दाराची दुसरी किल्ली बाहेर आहे.

पूर्वी हे असं नव्हतं. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांना आपल्यापैकी कितीतरी जणी जाऊ लागल्या, त्या काळात अँटीव्हायरस म्हणजे दुकानातून आणायचा डबा. आत सीडी आणि लांबलचक नंबर छापलेला कागद. महाराष्ट्राला तर हे घरचंच वाटायचं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कैलास काटकर कॉम्प्युटरकडे वळले, धाकटे बंधू संजय यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि १९९० च्या दशकात क्विक हील उभं राहिलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ती कंपनी शेअर बाजारातही आली. त्या काळात डबा ज्याच्या कपाटात, लायसन्स त्याचं. कपाटाला कुलूप घातलं की झालं.

आता कपाट नाही, खातं आहे. खात्याचा पासवर्ड विसरला तर नवा येतो ई-मेलवर. ई-मेलचा विसरला तर ओटीपी येतो मोबाइल नंबरवर. म्हणजे खालपर्यंत खणत गेलं की शेवटी लागतो तो मोबाइल नंबर. तो ज्याच्या हातात, त्याच्या हातात वरचा सगळा मजला. कुणी अनोळखी मशीन घालवायचं म्हणून नुसता अँटीव्हायरसचा पासवर्ड बदलला आणि ई-मेल दुसऱ्याच्याच ताब्यात राहिला, तर पुढच्या मिनिटाला तो पुन्हा आत. म्हणून सुरुवात खालून करायची. नंबर आपला आहे ना? मग ई-मेल. मग बाकीचं.

हे लिहिताना मी माझंही बघितलं, लपवत नाही. माझा ई-मेल मुलानं तो अकरावीत असताना उघडून दिला होता. परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर होता एका जुन्या सिमचा, जे मी केव्हाच टाकून दिलं. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो नव्या माणसाला मिळू शकतो, हे ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच सांगितलंय. म्हणजे माझ्या ई-मेलची किल्ली आज कुणा अनोळखी माणसाच्या खिशात असू शकली असती, आणि त्याला त्याचा पत्ताही नसता! त्याच दुपारी नंबर बदलला. पोळ्या जरा उशिरा झाल्या, झाल्या तर झाल्या.

आपल्याकडे मालकी आणि राबणं यांची फारकत जुनीच आहे. शेतात राबते ती बाई, सातबाऱ्यावर नाव बाप्याचं. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि गावोगावच्या कित्येक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्याला बायकोचं नाव लावायची सोय केली. आज मी बघते तर तीच गोष्ट नव्या कपड्यात. दुकान ती चालवते, टंकलेखन ती करते, गिऱ्हाईक ती सांभाळते, आणि खात्याला ई-मेल नवऱ्याचा, नंबर दिराचा, पासवर्ड दुरुस्तीवाल्याच्या वहीत. का? तर, "मला त्यातलं काही कळत नाही बाई." हे वाक्य आपण इतक्या सहज का म्हणतो? जी बाई शंभर जणींची ई-केवायसी एका दिवसात करते, तिला स्वतःचं खातं उघडता येत नाही, हे मला पटत नाही. माझं स्पष्ट मत आहे. ज्या खात्यावर आपलं काम चालतं, ते आपल्या ई-मेलवर आणि आपल्या नंबरवर असलं पाहिजे. नवऱ्याला पासवर्ड सांगायचा असेल तर खुशाल सांगावा, पण सांगणारी आपण असावी.

आता चारठाण्याचं पुढं काय झालं? तिनं आधी स्वतःचा नवा ई-मेल उघडला, स्वतःच्या नंबरवर. मग ब्राउझरमधून त्या पोराचं खातं काढलं, आणि जे जे पासवर्ड तिथं साठवले होते ते एकेक करून बदलले. यात तिची पूर्ण रविवारची दुपार गेली. जिथं जिथं सोय होती तिथं दुहेरी पडताळणी लावली, म्हणजे पासवर्ड कळला तरी तिच्या फोनवरच्या आकड्याशिवाय कुणी आत येणार नाही. अँटीव्हायरसच्या कंपनीला बिलाचा फोटो नि लायसन्सचा नंबर पाठवला आणि लायसन्स माझ्या ई-मेलवर घ्या म्हणून कळवलं. चार दिवस लागले, झालं. हे झालं ते बिलामुळं. तिनं ते लाइटबिलांच्या फायलीत जपून ठेवलं होतं, आणि त्यावर तिचं नाव होतं. आपण बिल मागतच नाही. "बिल नको, जरा कमी लावा" म्हणतो!

खातं हातात आल्यावर मगच नावं पुसायला घेतली. जुन्या हार्डडिस्कचं भूत पुसलं. 'यूजर-पीसी' पुसलं. पुतण्याला मात्र आधी फोन केला, वापरतोयस तर राहू दे म्हणाली. काकूच ती!

पोराचं काय करायचं, यावर आमचं एकमत झालं नाही. मी तावातावानं म्हटलं, माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ सी आहे, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, सांग त्याला. ती म्हणाली, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण प्रिंटर बंद पडल्यावर जिंतूरहून माणूस येईपर्यंत माझा दिवस जातो. अन् त्याची आई मह्याकडंच येते फॉर्म भरायला." शहरात बसून कायदा सांगणं सोपं असतं. तिनं त्याला बोलावलं, समोर बसवलं, पाचही नावं दाखवली आणि म्हणाली की ज्याला जागा दिलीस त्याच्याकडून पैसे घेतलेस का, घेतले असशील तर परत कर. घेतले होते. परत केले, असं तो सांगतो.

सगळीच प्रकरणं अशी चहावर मिटणारी नसतात. 'तुमच्या खात्यावर अनोळखी मशीन आढळलं आहे, ताबडतोब इथं दाबा' असे खोटे ई-मेल नि मेसेज येतात, लायसन्स आपोआप वाढवलंय, पैसे परत हवे तर या नंबरवर बोला असंही असतं. त्या दुव्याला हात लावायचा नाही, तो नंबर फिरवायचा नाही. आपण स्वतः खातं उघडून यादी बघायची, बस्स. फोनवरचा गोड माणूस मशीन दुरून दुरुस्त करतो म्हणून एनीडेस्कसारखं अ‍ॅप घ्यायला सांगेल. ते अ‍ॅप वाईट नाही, पण ते दिलं की आपला पडदा त्याच्या हातात. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना याबद्दल सावध केलं होतं. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. पहिला तास-दोन तास मोलाचे असतात.

आणि एक गोष्ट, जी या पानावर लिहायला जड जाते. कधी कधी ते अनोळखी मशीन घरातल्याच माणसाचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन टिंबांत 'लिंक्ड डिव्हायसेस' आहे, एका फोनला अशी चार मशीन जोडता येतात. फोन दोन मिनिटं कुणाच्या हातात गेला की जोडणी होते, आणि मग आपली प्रत्येक ओळ दुसरीकडं वाचली जाते. एका वाचक भगिनीनं मला सांगितलं, माहेरी केलेला मेसेज संध्याकाळी सासूच्या तोंडून ऐकू यायचा. कसा, ते तिला वर्षभर कळलं नव्हतं. तिथं नाव टिचकीसरशी काढता येतं, हे खरं. पण काढलं की समोरच्याला कळतं. ज्या घरात हात उगारला जातो त्या घरात आधी फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडं पाठवा, महिलांसाठीच्या १८१ या नंबरवर बोला, कधी काढायचं ते मग ठरवा. तोवर नाजूक बोलणं त्या फोनवर नको. हा १८१ चा फोनसुद्धा शेजारणीच्या मोबाइलवरून केलात तर उत्तम.

परवा चारठाण्याचा फोन आला, तो पुन्हा पाऊसपाण्यापासून सुरू झाला, तेव्हा मला हायसं वाटलं. मुलीच्या लॅपटॉपला जागा मिळाली. 'अबाउट'च्याच पानावर नाव बदलायचं बटण असतं, ते वापरून तिनं मशिनींची बारशीही उरकली. एक 'दुकान', एक 'घर', एक मुलीच्या नावाचं. होस्टेलवरचं तेवढं अजून 'लॅपटॉप' आणि खिचडीच आहे, पुतण्याला सांगून सांगून ती दमली. प्रिंटर मात्र बिघडलाच, आणि तोच पोरगा आला. मध्येच कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. त्यानं सवयीनं कीबोर्डकडं हात नेला. ती म्हणाली, "सरक. अन् जरा तिकडं तोंड कर." तो निमूट कॅलेंडरकडं बघत उभा राहिला. रोलर काही त्या दिवशी मिळाला नाही, जिंतूरहून मागवलाय.